रांझ्याचा पाटील आणि येडशीचा चोर

मामांचं म्हणणं असं की, रांझ्याच्या पाटलाचं जे झालं तेच आजच्या बलात्काऱ्यांचं व्हावं, आणि चोरांचंही. हातपाय तोडावेत, चौरंग करावा आणि तो गावाला दिसेल असा वेशीत ठेवावा. येडशीत हे मत एकट्या मामांचं नाही. पारावर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत ते ऐकू येतं. २०१६ साली कोपर्डीत मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला तेव्हा तर ते घराघरात बोललं गेलं. मी धाराशिवच्या कोर्टात वकिली करते, बहुतेक फौजदारी. म्हणजे मामांच्या लेखी मी चोरांची वकील. तरी आमचं बोलणं कधी तुटलं नाही. ते इथे लिहावंसं वाटलं, कारण मामा जे मागतात त्याच्या पोटात एक रास्त मागणी आहे आणि माझ्यासारख्या कायद्याच्या माणसांनी ती कधी नीट ऐकून घेतलेली नाही.

"महाराज सोळाव्या वर्षात होते," मामा म्हणाले. "त्या वयात त्यांना जे कळलं ते तुमच्या कोर्टांना अजून कळंना झालंय."

"ते पत्र वाचलंय का मामा तुम्ही?"

"पत्र कशाला वाचायचं? सगळ्या जगाला माहीत हाय ते."

माहीत आहे ते अर्धंच आहे. पत्र २८ जानेवारी १६४६ चं. महाराजांची संस्कृत मुद्रा असलेल्या, आज हाती असलेल्या पत्रांत ते सगळ्यात जुनं मानलं जातं. खेड शिवापूरजवळच्या रांझे गावचा मुकादम, म्हणजे पाटील, बाबाजी बिन भिकाजी गुजर यानं पाटीलकी करताना बदअमल केला, म्हणजे बाईवर अत्याचार केला असा त्याचा अर्थ सहसा घेतला जातो. ही हकीकत महाराजांच्या कानावर गेली. त्यांनी त्याला समोर आणवलं, चौकशी केली, आरोप खरा ठरला. मग त्याचं वतन काढून घेतलं आणि हातपाय तोडले. फलकांवरची, व्याख्यानांतली गोष्ट इथं संपते. पत्र मात्र पुढे चालू राहतं. गुजरांच्याच गोतातला सोनजी पुढे आला आणि बाबाजीला आपल्या हवाली करावं अशी त्यानं विनंती केली. दिवाणात रक्कम भरली. महाराजांनी बाबाजीला त्याच्या स्वाधीन केलं आणि पाटीलकीही सोनजीलाच दिली.

"म्हणजे तुला म्हणायचंय काय? महाराज चुकले?"

"मुळीच नाही. त्या काळी माणसाला शिक्षा म्हणून वर्षानुवर्षं डांबून ठेवायची, पोसायची व्यवस्था आपल्याकडे नव्हती आणि फारशी कुठंच नव्हती. जीव घ्यायचा, अवयव घ्यायचा, दंड घ्यायचा नाहीतर हद्दपार करायचं. लंडनमध्ये विल्यम प्रिन नावाचा वकील होता. १६३४ साली पुस्तक लिहिलं म्हणून त्याचे कान कापले आणि १६३७ साली उरलेसुरले पुन्हा कापले. तेव्हा हात तोडणं ही त्या काळाची रीत होती मामा. पण पाटलाला धरून समोर आणणं ही त्या काळाची रीत नव्हती. ते महाराजांचं स्वतःचं होतं. पाटील म्हणजे गावातला राजा. त्याच्याविरुद्ध गावातून एक शब्द वर जायचा नाही. तो शब्द वर गेला, ऐकला गेला, तपासला गेला, आणि वतन काढताना कुणाची भीड धरली नाही. माझ्या दृष्टीनं ते पत्र मोठं आहे ते यासाठी."

मामांनी हे ऐकून घेतलं आणि मला अपेक्षित नव्हतं असं काही बोलले. "पाटलाला धरलं हे खरं. पण पावणेचारशे वर्षं लोकांच्या ध्यानात कशामुळं राहिलं? हात तोडले म्हणून. समज देऊन सोडला असता, दंड घेऊन सोडला असता, तर ते पत्र कुण्या दप्तरात सडलं असतं. बाईला न्याय मिळाला हे तिला दिसलं पाहिजे, तिच्या आईबापाला दिसलं पाहिजे. तुमच्या कोर्टात काय दिसतं? तारीख."

यात खोटं काही नाही. कोपर्डीच्या खटल्याचा निकाल नोव्हेंबर २०१७ मध्ये लागला, घटनेला दीड वर्षही झालं नव्हतं, आणि आमच्या व्यवहारात हा वेग फार मोठा समजला जातो. बाकीच्या मुलींच्या वाट्याला तोही येत नाही. साक्ष देण्याआधी मुलीचं लग्न झालेलं असतं, सासरी काही माहीत नसतं, आणि समन्स घेऊन पोलीस दारात उभा राहतो. मी असे खटले जवळून पाहिले आहेत. मामा ज्याला तारीख म्हणतात ती त्या मुलीला पुन्हा पुन्हा होणारी शिक्षा असते.

पण मामांची मागणी बलात्काऱ्यावर थांबत नाही. ती चोरावर येते, आणि येडशीत ती चोरावरच जास्त रेंगाळते. सोलापूर-धुळे महामार्ग गावाजवळून जातो. घाटात गाडीचा वेग कमी झाला की मागून चढायचं, ताडपत्री फाडायची आणि माल खाली फेकायचा, असे प्रकार या पट्ट्यात घडतात. शेतात काढून ठेवलेलं सोयाबीन पोत्यांसकट जातं. शेळ्या जातात. गेल्या हंगामात मामांच्या विहिरीवरची मोटार गेली. केबल कापून, पाइप तसाच लोंबकळत ठेवून. ऐन पाण्याच्या पाळीला. हरभरा वाळला.

"ज्यानं ती मोटार उचलली त्याचा हात तोडला तर पुन्हा या शिवारात कुणी हात घालंल का सांग."

तेव्हा मी मामांना तात्यांची आठवण करून दिली.

तात्या मामांकडे सालगडी होते. कडबा कुट्टीच्या यंत्रात पेंढी सारताना शर्टाची बाही अडकली आणि उजवा हात मनगटापासून गेला. सोलापूरला नेलं, जीव वाचला. त्यानंतरचं मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं आहे. लेंग्याची नाडी ते दातांत एक टोक धरून बांधायचे. शिळी भाकरी एका हातानं मोडत नाही, म्हणून ती ताटलीत घालून वर गुडघा दाबायचे आणि कुणी बघत नाही ना हे आधी पाहायचे. एका हातानं धार काढायला बसले की म्हैस पान्हा चोरायची. तिला दोन हातांची सवय. विहिरीतून बादली शेंदायची तर दोर पायाखाली दाबत दाबत वर घ्यावा लागे. पुढच्या पाडव्याला त्यांचं साल ठरलं नाही.

मग त्यांच्या बायकोनं ऊसतोडीला जायचं ठरवलं. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल मिळते ती जोडीला. टोळीच्या मुकादमानं तात्यांकडे बघितलं आणि अर्ध्या कोयत्याला उचल देता येत नाही म्हणाला. शेवटी नववीतल्या पोराला शाळेतून काढलं आणि आई-लेकाचा कोयता झाला. तात्यांचा तुटलेला हात असा त्यांच्या पोराच्या वाट्याला गेला.

"तात्याचं वेगळं," मामा म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता, कारण ते यंत्र त्यांचं होतं. "तो अपघात. चोराची ती करणी असंल. त्याच्या पोरांचं मला वाईट वाटंल, पण त्याचा विचार त्यानं आधी करायचा होता."

"पोरांनी काय चोरलं मामा? हात त्याचा तुटणार आणि शाळा त्यांची सुटणार. सोनजी गुजरानं बाबाजीला हवाली मागितला तो का? हातपाय नसलेला माणूस उचलायचा, भरवायचा, धुवायचा असतो. चौरंग वेशीत शोभेला ठेवता येत नाही. त्याला कुणाच्या तरी घरात जागा लागते. गुजरांच्या घराला ते पेलवलं. मोटार चोरणाऱ्याच्या घरात कोण पेलणार?"

आखाती देशांचा दाखला येणार हे मला माहीत होतं. आमच्या भागातली बरीच माणसं तिकडे कामाला जाऊन आलेली आहेत. सोनाराचं दुकान उघडं टाकून लोक नमाजाला जातात, ही गोष्ट प्रत्येकानं सांगितलेली असते.

"कारण तिकडं हात तोडतात," मामा म्हणाले.

"तिकडंही सरसकट तोडत नाहीत. ज्या धर्मशास्त्रात ही शिक्षा आहे तिथंच तिला किती कुंपणं घातलीत ते बघा. वस्तूची किंमत ठरावीक मर्यादेच्या वर पाहिजे, ती बंदोबस्तात ठेवलेली पाहिजे, पुरावा पक्का पाहिजे, भुकेपोटी केलेली चोरी नसली पाहिजे. मोकळ्या रानातली मोटार त्या बंदोबस्तात बसेल का, यावरच तिथले काझी वाद घालत बसतील. खलिफा उमर यांच्या वेळी अरबस्तानात मोठा दुष्काळ पडला, तेव्हा त्यांनी चोरीसाठी हात तोडणं थांबवलं होतं असं परंपरा सांगते. पाकिस्ताननं १९७९ साली हा कायदा आणला. कोर्टांनी शिक्षा सुनावल्याही, पण अंमल व्हायची वेळ आली तेव्हा हात कापायला डॉक्टर तयार होईनात. आणि जिथं तोडतात तिथं कुणाचे तोडतात? नायजेरियातल्या झामफारा राज्यानं २००० साली हा कायदा लावला तेव्हा पहिला हात गेला तो गाय चोरणाऱ्याचा. इराणच्या कायद्यात उजव्या हाताची चार बोटं कापायची तरतूद आहे, पण बँका बुडवणाऱ्याची बोटं कापल्याचं कधी ऐकलंत?"

दुष्काळाचं नाव निघालं तसे मामा बहात्तर सालात गेले. तेव्हा ते आठ-नऊ वर्षांचे होते. विहिरी कोरड्या पडल्या होत्या, मोठी माणसं खडी फोडायला जायची, शाळेत सुकडी मिळायची. रात्री आमच्या आजोळच्या कणगीतून पायली-दोन पायली ज्वारी गेली. कुणी नेली ते आजीला कळलं होतं. कणगी कुठून फोडली, दाणे कुठल्या वाटेनं सांडत गेले, सगळं तिनं पाहिलं होतं. पाटलानं विचारलं तेव्हा ती उंदरांवर ढकलून मोकळी झाली. "मी विचारलं तिला," मामा म्हणाले, "तू नाव का घेतलं न्हाई? ती म्हणली, त्या घरात बाळंतीण हाय."

आणि लगेच सावरून, "पण ती भूक व्हती. मोटार भुकेपोटी नेत न्हाईत. मोटार भंगारात विकून दारू पितात."

मामांचा हा फरक मला मान्य आहे. चोरी चोरीत अंतर असतं आणि ते मोजायचं काम कायद्याचं. पण हात तोडणाऱ्या कायद्याला हे अंतर मोजायला जागाच राहत नाही. कैद तीन महिने करता येते, तीन वर्षं करता येते. हात असतो किंवा नसतो.

आपल्याच जुन्या ग्रंथांत याचा एक उघडावाघडा हिशोब सापडतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चौथ्या अधिकरणात खिसेकापूंसाठी शिक्षा दिल्या आहेत. पहिल्या गुन्ह्याला अंगठा आणि तर्जनी कापावी, किंवा ५४ पण दंड घ्यावा. तिसऱ्या गुन्ह्याला उजवा हात तोडावा, किंवा ४०० पण दंड. या 'किंवा'वर ते सगळं प्रकरण उभं आहे. अवयव तोडण्याच्या बदल्यात पैसे कसे घ्यायचे, हाच त्याचा विषय. ज्याच्याकडे ४०० पण असतील तो ते मोजून दोन्ही हात घेऊन घरी जाणार. नसतील तो हात देणार. ४०० पण जवळ असणारा माणूस यात्रेत गाठी कापत फिरत नाही, म्हणजे हात कुणाचे जायचे ते ठरलेलंच.

"ते जुनं झालं," मामा म्हणाले. "आता कायदा सगळ्यांना सारखा."

"कागदावर. मोटार गेली त्या दिवशी गावात पहिलं नाव कुणाचं घेतलं गेलं?"

मामा बोलले नाहीत. नाव पारध्यांच्या पालावरचं होतं. ते कुणी पाहिलं म्हणून घेतलं गेलं नव्हतं. दर वेळी तेच घेतलं जातं. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. इथून जवळ, सोलापूरला, तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहत होती. आजही सोलापुरात लोक तिला सेटलमेंट म्हणतात. हजेरी दिल्याशिवाय बाहेर जायचं नाही, रात्री परत आलंच पाहिजे. १९५२ साली तो कायदा देशभर रद्द झाला. पण मोटार गेली की गावाचं बोट अजून पालाकडेच वळतं, आणि बोट वळतं तिकडे पोलिसांची गाडी वळते.

मग मी मामांना एका खटल्यातल्या सहा जणांचं सांगितलं. २००३ साली महाराष्ट्रात एका शेतमजूर कुटुंबावर रात्री दरोडा पडला. पाच खून, बलात्कार. ऐकून कुणाचंही रक्त उकळेल असा गुन्हा. सहा जण धरले, भटक्या जमातीतले, मोलमजुरी करणारे. २००६ साली खालच्या कोर्टानं सहाही जणांना फाशी सुनावली. हायकोर्टानं तिघांची फाशी कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ साली सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना पुन्हा फाशीवर नेलं. आणि मार्च २०१९ मध्ये त्याच सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या साक्षीदार बाईनं पोलिसांच्या फोटोंतून सुरुवातीला दुसरीच माणसं ओळखली होती, आणि ती माणसं खटल्यात आलीच नाहीत. सहा जणांतला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. राज्य सरकारनं प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत, असं कोर्टानं सांगितलं.

"गुन्हा ऐकला त्या दिवशी मला विचारलं असतं," मी म्हणाले, "तर मीही म्हणाले असते, यांचे हातपाय तोडा. तुम्हीही म्हणाला असता. सगळा महाराष्ट्र म्हणाला असता. आणि चुकीच्या सहा माणसांचे तोडले असते. त्या कुटुंबाला ज्यांनी मारलं ते हातीपायी धड कुठंतरी फिरत राहिले असते."

इथं मामांनी जे उत्तर दिलं ते या सगळ्या वादातलं सगळ्यात जड उत्तर होतं. मी अनेक वकिलांशी या विषयावर बोलले आहे, पण इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं.

"सोळा वर्षं आत व्हते म्हणलीस ना? मग ती सोळा वर्षं त्यांना परत दिली का कुणी? हात परत येत न्हाई म्हणतीस. जवानी परत येती व्हय? बायको दुसरीकडं गेली असंल, आई मेली असंल. तूच सांगती, चोरीच्या केसमधी जामीन राहायला कुणी न्हाई म्हणून पोरं वर्ष वर्ष आत बसायलेत. त्यातल्या एकाला विचार, वर्ष देतो का बोट. बघ काय म्हणतो ते. तुम्ही लोकांनी तुरुंग नजरंआड बांधलाय म्हणून तो तुम्हाला सौम्य वाटतो. रक्त दिसत न्हाई एवढंच."

मामा शेती करतात, त्यांनी कायदा वाचलेला नाही. पण हिंदुस्थानात अवयव तोडण्याची शिक्षा कशी गेली याची कथा त्यांच्या बोलण्याशी जुळते. १७९१ साली कॉर्नवॉलिसनं बंगालात ती बंद केली तेव्हा सरळ बदली दर ठरवला. एका अवयवाच्या जागी सात वर्षं सक्तमजुरी, दोन अवयवांच्या जागी चौदा वर्षं. आपली येडशी तेव्हा निजामाच्या मुलखात होती, इथं तो हुकूम लागू नव्हता, पण पुढे सगळीकडे हाच हिशोब रुजला. एक हात बरोबर सात वर्षं. आज देशातल्या तुरुंगांत चारपैकी जवळजवळ तीन कैदी कच्चे आहेत, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. मामांच्या भाषेत, बोटं आधी कापतात आणि खटला नंतर चालवतात.

तरी मी माझ्या जागेवर उभी आहे, आणि का ते मामांना सांगितलं. ते सहा जण सुटले तेव्हा चालत बाहेर आले. उरलेलं आयुष्य त्यांना दोन हातांनी उचलता आलं. चूक उमगली त्या दिवशी ती थांबवता आली. सोळाऐवजी अकरा वर्षं पडली असती, पाच पडली असती, ते कोर्टाच्या वेगावर आहे, आणि तो वेग वाढवायला भांडता येतं. तोडलेल्या हाताबाबत भांडायला काही उरत नाही. आणि तुरुंग इतका वाईट आहे म्हणून हात तोडा, हा उपाय होऊ शकत नाही. तुरुंग वाईट आहे तर तुरुंगात कमी माणसं कमी दिवस राहतील असं बघायला हवं. नव्या फौजदारी कायद्यांत तशा दोन वाटा उघडल्या आहेत. आधी कधीच गुन्हा शाबीत न झालेल्या कच्च्या कैद्यानं त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला सोडायचं. जन्मठेपेचे, फाशीचे गुन्हे त्यात नाहीत. आणि पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी असेल, वस्तू परत केली असेल, तर चोराला समाजसेवेची शिक्षा.

"म्हणजे काय करायला लावणार?"

"काम. गावासाठी. मजुरी न घेता."

"गावात? सगळ्यांसमोर?" मामांना हे एकदम आवडलं. "शाळंची भिंत रंगवायला लावा. ग्रामपंचायतीची नाली काढायला लावा. दिवसाढवळ्या. मोटार नेणाऱ्याला माझ्या विहिरीचा गाळ काढायला लावा. मला दिसलं पाहिजे."

मोटार पाच हजारांच्या वरची होती, तिला हे लागू पडणार नाही, हे मी सांगितलं. पण मामांच्या मनातलं मला त्या क्षणी कळलं. त्यांना रक्त नको होतं. झालेल्या नुकसानीची दखल कुणीतरी उघडपणे घेतली आहे, हे त्यांना त्यांच्या शिवारात उभं राहून बघायचं होतं. आमच्या न्यायव्यवस्थेनं हे बघणंच लोकांपासून तोडलं आहे. गुन्हा गावात घडतो, पंचनामा गावात होतो, आणि मग सगळं धाराशिवला जातं ते कायमचं.

आम्ही येडशीजवळच्या रामलिंगच्या देवळात गेलो होतो तेव्हाही हा विषय निघाला होता. श्रावणात तिथं गर्दी असते, घाटात पाणी खळाळत असतं, माकडं हातातला प्रसाद ओढतात. आमच्याकडची श्रद्धा अशी की, सीतेला नेणाऱ्या रावणाला जटायूनं इथं अडवलं, रावणानं त्याचे पंख छाटले, आणि रामानं बाण मारून काढलेलं पाणी त्याला पाजलं. मंदिराच्या आवारात जटायूची समाधी आहे. मामा म्हणाले, "बाई पळवणाऱ्याचं शेवटी काय झालं? समूळ गेला. रामानं त्याला तारीख दिली नव्हती."

मी म्हणाले, "पण मामा, रावण पंचवटीत का आला? त्याच्या बहिणीचं नाक-कान कापले होते म्हणून. एका अंगच्छेदातून निघालेली आग नाशिकहून इथवर आली आणि ज्याचा काही अपराध नव्हता त्या पाखराचे पंख घेऊन गेली."

मामांना ते रुचलं नाही. समाधीपाशी उभं राहून असं बोलू नये म्हणाले, आणि मी गप्प राहिले. श्रद्धेशी वाद घालायला मी गेले नव्हते. पण ती कथा लहानपणापासून ऐकत आलेली मी, आजवर त्या जागी कधीही रावणाच्या शिक्षेचा विचार करत उभी राहिलेली नाही. तिथं उभं राहिलं की जटायूच दिसतो. येडशीच्या लोकांनी समाधी जपली ती शिक्षा करणाऱ्याची किंवा भोगणाऱ्याची नाही, मध्ये पडलेल्याची.

हे सगळं बोलून झाल्यावर मोटारीचं काय, हा प्रश्न उरलाच होता. मामांनी तक्रार दिली नव्हती. दिली तर दिवसभर बसवून ठेवतात, उलट आपल्यालाच विचारतात, आणि मोटार काही मिळत नाही, हा आमच्याकडचा अनुभव. मी म्हणाले, अर्ज लिहून देऊ. नोंद करून घेतली नाही तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना पोस्टानं पाठवू. तरी हललं नाही तर मॅजिस्ट्रेटपुढे जाऊ. कायद्यानं वाट दिली आहे, ती चालून बघू.

"आन् ते पालावर जाऊन एखाद्या पोराला उचलून आणतील तर?"

"तुमचा संशय कुणावर, असं ते विचारणार. तुम्ही काय सांगाल त्यावर बरंच अवलंबून आहे."

"कुणावर न्हाई म्हणून लिही. मोटारीचा नंबर लिही, पावती हाय माझ्याकडं. गट नंबर लिही. केबल किती गेली ते लिही. नाव काढायचं काम त्यांचं हाय, माझं न्हाई." मग थोडं थांबून म्हणाले, "पण एक सांगून ठेवतो. खरा सापडला आन् तो मोठ्या घरचा निघाला, तर मी तुझं ऐकणार न्हाई. त्याला रांझ्याचंच पाहिजे."

"मोठ्या घरचा निघाला तर त्याला कोर्टात उभा करायला मी आहे मामा. हात त्याचे त्याला राहू द्या."

"आधी उभा करून दाखव," मामा म्हणाले.